तिसरा प्रश्न

“वरचं नको. वरचं म्हणजे नडगी,” प्लास्टरवाल्यानं निकाल दिला.

“मग खालचं?” बायकोनं विचारलं.

“खालचं म्हणजे मनगट.”

जेवणाच्या टेबलावर दोन रंगीत पत्रकं पसरली होती. एकाच डोंगरावरची दोन स्की रिसॉर्टं. वरच्याचे उतार थेट अंगावर येणारे, खालच्याचे पसरट, नवशिक्यांना झेपतील असे. प्लास्टरवाल्यानं त्या डोंगरावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण गेले सव्वीस हिवाळे तो हॉस्पिटलात तिथून येणारी हाडं बांधत होता, त्यामुळे डोंगर त्याला तोंडपाठ होता.

त्याची एक पद्धत होती. पेशंट समोर आला की दोनच प्रश्न. कुठे पडलात? दुखतंय? मग कोमट पाण्यात पट्ट्या भिजवायच्या, गुंडाळायच्या, आणि प्लास्टर धरलं की खिशातल्या मार्करनं त्यावर तारीख आणि पडल्याचं ठिकाण लिहायचं. ठिकाण लिहा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण खोड लागली ती लागली.

बायको पोस्टात टपाल निवडायची. तोच डोंगर तिच्याकडे चित्रांच्या कार्डांवरून यायचा. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे तिलाही कळत होतं, पण उघड्या कार्डाला कसला आलाय पडदा? ‘बर्फ झकास, तीनदा पडले, तू यायला हवी होतीस.’ असली कार्डं वाचून दर हिवाळ्यात ती म्हणायची, जाऊया ना हो. आणि दर हिवाळ्यात हा एखादं हाड पुढे करायचा.

यंदा मात्र तिनं कंबर कसली होती. दोघांची आठवड्याची रजा मंजूर झाली होती. शुक्रवारपर्यंत ठरलं नाही, तर ती धाकट्या बहिणीला घेऊन जाणार होती, आणि तसं बहिणीला कळवूनही मोकळी झाली होती. तिला आपल्याशिवाय पाठवायचं प्लास्टरवाल्याच्या जिवावर येत होतं, आणि बरोबर न्यायचं म्हणजे डोळ्यांसमोर काहीबाही दिसत होतं.

“अगं, मी रोज बघतो ना काय होतं ते!”

“तुमच्याकडे नुसते मोडलेले येतात. बाकीच्यांची कार्डं माझ्याकडे येतात,” ती म्हणाली. “आणि त्या मोडलेल्यांना तरी विचारलंत का कधी, परत जाणार का म्हणून?”

सव्वीस वर्षांत हा तिसरा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक धिप्पाड बेकरीवाला आला. वरचं रिसॉर्ट, नडगी. प्लास्टरवाल्यानं घसा खाकरून विचारलं, “परत जाणार का हो तिथं?”

“म्हणजे काय! हे कधी काढताय तेवढं सांगा, बुकिंग करायचंय.”

त्यामागून सत्तरीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. खालचं रिसॉर्ट, मनगट. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू यानं गृहपाठच केला नव्हता. “जाणार तर! का, तुम्ही गेला नाहीत अजून?”

गुरुवार संध्याकाळपर्यंत त्यानं अकरा जणांना विचारलं. दहा जण जाणार होते. अकरावाही जाणार होता, फक्त मेव्हण्याला नेणार नव्हता.

शुक्रवारी त्यानं हात टेकले. नडगीपेक्षा मनगट परवडलं म्हणत खालचं रिसॉर्ट ठरवलं.

पहिले दोन दिवस तो तिचं कोपर धरून होता. तिसऱ्या दिवशी तिनं ते झटकलं. पडली, उठली, पुन्हा पडली, आणि प्रत्येक वेळी लहान मुलीसारखी खिदळली. तोही आपटला. आधी आपली हाडं चाचपली, सगळी जागच्या जागी आहेत म्हटल्यावर तिथंच बर्फात बसून पोट धरून हसला. इतका तो कित्येक वर्षांत हसला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं आयुष्यातलं पहिलं कार्ड लिहिलं. आपल्याच पोस्टातल्या बायकांना. ते पेटीत टाकलं, ऐटीत वळली, आणि पेटीसमोरच्या पायरीवर सर्रकन घसरली. पायात स्कीसुद्धा नव्हत्या.

रिसॉर्टच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. घोट्याचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालणारा माणूस स्ट्रेचर घेऊन वर उतारावर गेला होता.

“मी घालतो,” प्लास्टरवाला म्हणाला.

त्यानं पट्ट्या भिजवल्या. सवयीनं तोंडातून निघून गेलं, “कुठे पडलीस?”

“तुमच्यासमोरच की हो!”

“दुखतंय?”

“दुखतंय तर. जीव चाललाय.”

आपणच हिला इथं आणलं, आपणच हात सोडला, एवढंच डोक्यात घुमत होतं. मान खाली घालून तो पट्ट्या गुंडाळत राहिला. नाकावरून एक थेंब प्लास्टरवर पडला, तो त्यानं गुपचूप अंगठ्यानं पुसला. आता पुन्हा कधी डोंगराचं नाव काढायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

प्लास्टर धरलं. त्यानं मार्करनं तारीख घातली आणि ठिकाण लिहायला हात पुढे नेला.

“अहो, तिसरा प्रश्न राहिला,” ती म्हणाली.

मग तिनंच त्याच्या हातातून मार्कर काढून घेतला, ओठ घट्ट मिटून कशीबशी पुढे वाकली, आणि ठिकाणाच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पुढच्या वर्षी वरचं.’