गाव सतरा पावलांवर

तिसऱ्या पावलालाच पडदा काळा झाला आणि झाडीतून दोन लांडगे पुढ्यात आले.

सयाजीरावांनी कीबोर्डवरचा हात उचलून लेंग्याला पुसला आणि शेजारची वही बघितली. लेकीचं, संयोगिताचं अक्षर बारीक, उजवीकडं कललेलं. ‘या जंगलात शत्रू आधी दिसत नाहीत. चालत राहिलं की कधीही येतात. दोन असले तर लढायचं, तीन असले तर पळायचं. पळण्यात कमीपणा नाही.’

दोनच होते. सयाजीराव लढले.

गेम जुना. कॉलेजात असताना संयोगिता दुपारभर तो खेळायची. त्यातल्या तिघांना तिनं घरचीच नावं दिली होती. ढालवाला आबा पुढं, धनुष्यवाली आई मागं आणि जखमा बऱ्या करणारी संयो मधे. तेव्हा सयाजीराव शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरून घरी आले की तिच्यावर ओरडायचे, “डोळं फोडून घेशील.” आता पेढी सुटली होती आणि मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत, तिच्या खुर्चीत, रोज दुपारी ते स्वतः बसत.

दोन वर्षांमागं एका शुक्रवारी संयोगिता कॉलेजला म्हणून बाहेर पडली. दुपारी फोन आला. फोन ठेवून सयाजीराव जिन्यावर बसले, ते दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर त्यांनी डोकं भादरून घेतलं. भाऊबंदांनी समजूत घालून बघितली, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. फोटोला हारही त्यांनीच घातला. त्यांची बायको तानाबाई ना घाटावर आली, ना त्या फोटोपुढं कधी उभी राहिली.

महिन्यानं त्यांनी कॉम्प्युटर लावला, तर गेम जंगलातच थांबलेला. संयोची ताकद चाळीसातली नऊ उरलेली, मंत्र संपलेले, औषधाची एकच बाटली. गाव सतरा पावलांवर.

ते निघाले आणि पाचव्या पावलाला संयो मेली. त्यांनी तिनं राखून ठेवलेला खेळ परत उघडला. संयो पुन्हा नऊवर उभी होती. त्यानंतर ती किती वेळा मेली, त्याला गणती नाही. ती मेली की त्या दिवशी त्यांना चहा गोड लागत नसे.

वही परवा सापडली, कपाटात तिच्या ओढण्यांखाली.

आज लांडग्यांचे घाव आबाच्या ढालीनं झेलले. दहाव्या पावलाला तीन चोर आडवे आले, सयाजीराव पळाले. चौदाव्याला सापानं आबाला लोळवलं. औषध कुणाला द्यायचं, याचा त्यांनी विचारसुद्धा केला नाही. “आबा पडू दे,” असं पुटपुटत त्यांनी बाटली संयोला पाजली.

पंधरा. सोळा. सतरा.

पडद्यावर गावाची वेस आली. धर्मशाळेत एक मुक्काम झाला आणि संयोच्या नावापुढं चाळीस उमटले.

“अगं, इकडं ये की,” त्यांनी हाक मारली. “पोचली.”

तानाबाई पदराला हात पुसत आली. “कोण पोचली?”

“संयो. जित्ती हाय. चाळीस हाय बघ.”

तानाबाईनं पडद्याकडं बघितलं नाही. नवऱ्याच्या गालावरून पाणी चाललं होतं, तिकडं ती बघत राहिली.

“लई जीव हाय न्हवं तुमचा तिच्यावर?”

“म्हंजे काय? पोटची पोर हाय माझी.”

खाली बेल वाजली.

“तुमीच उघडा दार,” तानाबाई म्हणाली. “मीच बोलावलंय.”

सयाजीरावांनी तोंड पुसलं, सावकाश जिना उतरून कडी काढली.

दारात एक तरुण बाई उभी होती. कडेवर तान्हं मूल.

“आबा,” ती म्हणाली, “नईम कोपऱ्यावरच थांबलाय. मी एकटीच आलोय.”

सयाजीरावांनी मुलाकडं बघितलं, मग तिच्याकडं. दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली.

“घर चुकलं तुमचं, पावणं,” ते म्हणाले. “आमची संयोगिता वारली. दोन वर्षं झाली.”