सोमाजींच्या बाटल्या

यादव आबांनी चमचा बाजूला सारला, थेट बोटच तांबड्या बाटलीत घातलं आणि चाटलं. ललित भामरे श्वास रोखून बघत राहिला. आबा पक्षाचे निरीक्षक होते. महापालिकेचं तिकीट कुणाला, हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होतं. नामपूरहून निघताना त्यांना चार भजी जास्त झाली आणि नाशिक येईपर्यंत पोटात आग पडली. ललितने लगोलग घराण्याचं औषध पुढे केलं.

"आता पाच मिनिटं बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि स्वतः बोलत सुटला.

कॉलेज रोडच्या त्या फ्लॅटमध्ये देवांना स्वयंपाकघरात जागा होती, हॉल मात्र सोमाजींचा होता. काचेच्या कपाटात त्यांचा पितळी तराजू, दगडी खल आणि चूर्णाच्या तीन बाटल्या. पिवळी तापावर, तांबडी पोटावर, काळी धास्तीवर. ललितचे हे पणजोबा ऐन विशीत देवळाली कॅम्पात गोऱ्या शिपायांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ती नोकरी सोडून त्यांनी नाशकात औषधांचं दुकान टाकलं, घोड्यावरून गावोगाव औषध पोचवलं. लोकांनी त्यांना उचलून नगरपालिकेत बसवलं, ते मरेपर्यंत काही उठले नाहीत. पुढे आजोबांना आणि वडिलांना त्या खुर्चीने हुलकावणी दिली. ललितलाही दोनदा दिली.

आता पन्नाशी आली होती. या वेळी तिकीट हुकलं, तर उरलेला जन्म सातपूरच्या मेडिकलमध्ये सर्दीच्या गोळ्या विकण्यात जाणार होता. तसा तो रीतसर डी. फार्म. होता. पण घरात कुणी शिंकलं, की फार्मसी दुकानात राहायची आणि याचं बोट आधी पिवळ्या बाटलीत जायचं. परवा आबांना फोन लावण्याआधी त्याने काळी चाटली होती.

"थंड वाटतंय खरं," आबा पोटावरून हात फिरवत म्हणाले. पोट निवलं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "कितला वरीसनं शे हाई?"

"शंभराच्या वर, आबा."

"आणि घरातले सगळे चाटतात?"

"सगळे. आलेगेलेसुद्धा."

"मग संपत कसं नाही?"

ललितला हा प्रश्न उभ्या आयुष्यात पडला नव्हता. पण पणजोबांचं रक्त धावून आलं. "सेवेचा साठा आहे तो, आबा. त्याला तळ नाही." वाक्य त्याला इतकं आवडलं, की ते बॅनरवर टाकायचं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

"तळ आहे की," चहाचा ट्रे ठेवत त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली. "दर दिवाळीला बाटल्या मीच धुते. पिठीसाखर भरते, खायचा रंग घालते."

"काहीतरी काय बोलतेस?"

"अहो, सासूबाईंनीच शिकवलं. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी, आणि त्यांना पणजीबाईंनी. सोमाजी दुकानात बसायचे तेव्हा आत पणजीबाईच भरायच्या. तेव्हाही साखरच होती. रंग तेवढा हळदीचा, गेरूचा आणि चुलीतल्या कोळशाचा."

"आणि तीस वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला गुण येत होता. कशाला सांगायचं?"

ललितच्या डोळ्यांसमोरून तिकीट, बॅनर, खुर्ची, सगळं गेलं. पणजोबाही गेले. त्याला रडू यायचंच बाकी होतं. सवयीने त्याचं बोट काळ्या बाटलीकडे निघालं आणि अर्ध्या वाटेतून परत आलं.

आबांनी तांबड्या बाटलीत पुन्हा बोट घातलं, चवीने चाटलं.

"ललितभाऊ, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

आता खरेपणानेच काही वाचलं तर वाचेल, असं ललितला वाटलं. "आईशपथ नाही, आबा. मी मनापासून चाटत आलो."

आबांनी खिशातली डायरी काढली आणि एका नावावर काट मारली. "मग तुम्हाला नाही जमायचं. चाटणारे मतदार असतात, भाऊ. नगरसेवक भरणारा लागतो." त्यांनी पेन तसंच उघडं ठेवलं. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"ज्योत्स्ना ललित भामरे," ती म्हणाली. तिने तांबडी बाटली उचलून उजेडात धरली. आबांनी ती बरीच खाली आणली होती.

"निवडणुकीपर्यंत ही पुरायची नाही," ती म्हणाली. "आबा, पक्षाचा रंग कोणता म्हणालात?"