आई सांगेल तो वकील

“पण माणूस लवकर सुटतो का?” लंकाबाईनं चहावाल्याला तिसऱ्यांदा विचारलं.

जुन्नरच्या कोर्टासमोरच्या टपरीवर ती सकाळपासून बसली होती. बसली म्हणायचं एवढंच. घटकेत उठे, फाटकापर्यंत जाई, पोलिसांची गाडी आली का बघे आणि पुन्हा बाकाच्या टोकाला टेके. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

“सोनल वकीलबाईंकडं जा, मावशी,” चहावाला म्हणाला. “लई तिखट बाई. आज आत, उद्या भायेर.”

“आन् ते झाडाखालचं म्हातारं?”

“दादाभाऊ वकील? हयात गेली त्यांची या कोर्टात. सरळ माणूस. पण त्यांच्या पक्षकाराला नातवंडं व्हतात, निकाल व्हत न्हाई.”

टपरीवरचे हसले. लंकाबाई पदराचं टोक पिळत राहिली.

तिचा एकुलता एक भरत कोठडीत होता. आळेफाट्याच्या एका गॅरेजवर शब्दाला शब्द लागला आणि त्यानं मिस्त्रीच्या डोक्यात पाना घातला. मिस्त्री वाचला, पण अजून दवाखान्यात होता. भरतनं आतून निरोप धाडला होता, की आई सांगेल तो वकील. ती म्हणेल तिथं सही करतो, आई काय मला आत सडू देणार नाही.

“वहिनी, वकील करायचाय का बैल घ्यायचाय?” गेणभाऊ, तिचा दीर, वैतागला होता. पिंपळवंडीहून तोच तिला गाडीवर घेऊन आला होता. “दात तेवढे मोजायचे ठेवलेत तुमी.”

“बैल खोडीचा निघाला तर बाजार दाखवता येतो, भाऊजी. इथं पोटचं पोर हाये.”

तिनं पुन्हा घरी फोन लावला. घर उसाच्या मधोमध, आणि घरात सून हर्षाली नि लहानगी नात, दोघीच.

“अडसर घातलाय का?”

“घातलाय, आत्या.”

“पोर आत हाये ना?”

“हाये. आत्या, उसातला त्यो बिबट्या घावला पिंजऱ्यात. वनखात्याची गाडी आत्ताच घिऊन गेली.”

“घावू दे. अडसर काढू नको.”

फोनवरचं ऐकून गेणभाऊ हसला. “घ्या! आता काय त्याचं भूत येनार व्हय?”

“एक गेला म्हंजी संपलं का?”

अडसर नवा होता. गेल्या महिन्यात दाराची जुनी कडी निखळली, तेव्हा लंकाबाईनं सुताराकडून बाभळीचा जाड अडसर करून घेतला. हर्षालीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. गोठ्यात पाय घसरला, असं तिनं डॉक्टरला सांगितलं होतं. डाव्या हातानं सरकावा म्हणून अडसर चांगला गुळगुळीत तासला होता.

माडीवरच्या ऑफिसात सोनल वकीलबाईंनी कागद वाचले आणि टेबलावर ठेवले.

“मावशी, पहिलाच गुन्हा आहे. जामिनाचा अर्ज उद्याच लावते. आठवड्यात मुलगा घरी येईल.”

“आठवड्यात?”

“पक्कं कुणीच सांगत नाही. पण माझे बहुतेक सुटतात.”

लंकाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. पिशवी उचलून ती तशीच जिना उतरली. गेणभाऊ मागं धावला.

“काय वाईट व्हतं त्या बाईत?”

“लई तरणी हाये. अनुभव पायजे मला.”

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जाळीतून भरतचा आवाज आला, “काका, आई कुठं हाये?” लंकाबाई कडुनिंबाच्या बुंध्याआड सरकली.

“अवं, भेटा तरी त्याला!”

“नगं. मला न्हाई बघवत.”

गाडी आत गेली. मग ती झाडाखालच्या बाकाशी गेली. दादाभाऊ वकिलांच्या कोटाची एक गुंडी तुटलेली होती. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचले, मग पहिल्यापासून पुन्हा वाचले.

“मी घाई करणार नाही, बाई. मिस्त्री बरा होऊ दे, पोलिसांचा तपास होऊन आरोपपत्र येऊ दे. मग अर्ज करू. आत्ता केला अन् फेटाळला, तर पुढं जड जातं.”

“तवर पोरगा आत?”

“तोवर आत. पटत नसेल तर दुसरा बघा. मी राग धरणार नाही.”

“कुनी आडून गळ घातली, लवकर करा म्हनून?”

“माझ्या बायकोनं घातली तरी नाही.”

“आन् त्याला आत कुनी मारनार न्हाई, एवढं बघाल?”

“ते बघीन.”

लंकाबाईनं कितीतरी वेळानं श्वास सोडला. “मंग तुमीच घ्या, सायेब.”

वकीलपत्र घेऊन गेणभाऊ आत गेला नि सही घेऊन आला. त्याचं तोंड उतरलं होतं. “वाचलंबी न्हाई त्यानं. म्हनला, आईनं बघून दिलाय ना? झालं तर मग.”

लंकाबाईनं ती सही बोटानं चाचपली आणि तोंड फिरवलं.

वाटभर गेणभाऊ धुसफुसत होता. आळेफाट्याच्या रस्त्याला ऊन कलतं झालं. उसाच्या कडेला पिंजरा रिकामा पडला होता. त्यानं तिला दारात उतरवलं आणि रागातच गाडी वळवली.

“मी हाये,” लंकाबाई म्हणाली, तेव्हा कुठं आतून अडसर सरकला. नात हर्षालीच्या मागं साडीला धरून उभी होती.

“आत्या,” हर्षालीनं हळूच विचारलं, “मिळाला का वकील?”

लंकाबाईनं तो अडसर काढला आणि भिंतीला उभा केला. सुनेचा प्लॅस्टरमधला हात तिनं अलगद आपल्या हातात घेतला.

“मिळाला. निवांत नीज आता, बाळ. दिवाळीपर्यंत तरी भरत घरी येत न्हाई.”