दाढेवरचा काळा डाग

गुड्डीनं ओठ गच्च मिटले. एकोडीच्या अंगणवाडीत लहान पोरांच्या दातांचं शिबिर होतं, आणि पाच वर्षांची गुड्डी आजोबाच्या, म्हणजे कवडूच्या धोतरात तोंड खुपसून बसली होती. मागच्या खेपेला दवाखान्यात मशीन घुंईं झाली तशी तिनं डॉक्टरचं बोटच चावलं होतं. तेव्हापासून दाढ तशीच ठणकत होती अन् घरात कुणाला झोप नव्हती.

सून कामिनी धानकापणीला गेली होती. जाताजाता दारातच थबकली होती.

"मामाजी, तोंडाले दुपट्टा काहून गुंडाळला?"

"थंडी हाय ना बाई."

गुणी सासरा. पोळ्याला त्यानं गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवून गुडाखू सोडला होता. तंबाखूच्या त्या लगद्यानं दात घासायची चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात बंद! कामिनीनं गुडाखूनं काळे पडलेले त्याचे दात दवाखान्यात पांढरे करून आणले आणि डबी बोडीच्या पाण्यात भिरकावली, तेव्हा टाळ्या कवडूनंच वाजवल्या.

"मशीन नाही, सुई नाही," शिबिरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुंचल्यानं औषधाचा थेंब लावायचा. कीड तिथंच थांबते. फक्त किडलेली जागा काळी पडते."

"काळी?" कवडू सरसावला. "मोठ्या मानसाचीबी?"

"कुणाचीही."

"मंग पयले मले लावा. पोरीचं भेव जाईन."

केवढी माया! अंगणवाडीच्या देवकाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

डॉक्टरीणबाई गुड्डीच्या कानाला लागल्या. गुड्डी खुदकन हसली. मग कवडूच्या दातांवरून कुंचला फिरला.

"अजून इकडं रायला," कवडू म्हणाला. "समदेच लावा."

आता गुड्डीनं आपणहून आ केला. ना रडणं, ना चावणं. दोन मिनिटांत काम फत्ते.

घरी येताना कवडूनं दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बोडीच्या पाळीवरून शीळ वाजवत निघाला.

संध्याकाळी कामिनीनं पोरीच्या दाढेवरचा काळा डाग पाहिला, तिला पोटाशी धरलं. मग नजर सासऱ्याकडे गेली.

"मामाजी! तुमचे दात काहून इतले काळे?"

"औषध, बाई. पोरगी भेत होती, म्हनून पयले मीच लावून घेतलो."

कामिनीनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "नातीसाठी इतलं केलं जी तुमी!"

गुड्डीनं भाताचा घास गिळला.

"आई, आबाजीले औषध कुठं लावलं? डॉक्टरीणबाईनं मले कानात सांगतलं ना, आबाजीले नुसतं पानी लावतो म्हनून."