एजंट नको

मेव्हण्याची कायमची रात्रपाळी, म्हणून दिवसा झोपायला त्याला शांत घर हवं होतं. मी घरचाच एजंट, पण मला विचारेल तर शपथ.

"भावजी, तुम्ही नुसतं दार उघडता आणि दलाली खाता. मला पाटी दिसलीय. थेट मालकाकडून, एजंट नको, घर फक्त रविवारी बघायला मिळेल."

रविवारी गेला. घरात पंख्याची कुरकुर सोडली तर आवाज नाही. गडी खूश. घर घेतलं आणि पुढे एका रविवारीच सामानही हलवलं. सोमवारी सकाळी पाळी संपवून आला, पडदे ओढले, डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि भिंतीपलीकडे पत्रे ठोकायचा कारखाना सुरू झाला.

आठव्या दिवशी लालभडक डोळे घेऊन तो माझ्या दारात उभा. "भावजी, पाया पडतो. ते घर विकून द्या."

"नाही जमणार रे. माझ्या गिऱ्हाईकाला मी कामाच्या दिवशीच घर दाखवतो. कारखाना ऐकून कोण घेईल?"

"मग मी करू काय?"

"माळ्यावर बघ. ती पाटी तिथंच असेल. तीच लाव परत."

"पाटी माळ्यावर आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुझ्याआधीच्या दोघांनीही तिथंच ठेवली होती," मी म्हटलं. "आणि जरा जपून काढ. रंगवायला मला अख्खा दिवस लागला होता."