मिस्त्रीचं खोटं

“बोट कायमची गेली असं सांग. दुरुस्त होण्यातली नाही म्हणून सांग,” काकू तिकिटाच्या खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या. “एवढं एक खोटं बोल माझ्यासाठी.”

मिस्त्रीने हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि कान खाजवला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्याच्या फटकळ तोंडापायी धक्क्यावरची निम्मी माणसं त्याच्यावर रुसलेली असायची. दुसरा कुणी मिळाला असता, तर काकूंनी याच्याकडे शब्द टाकलाच नसता.

काकूंच्या नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. प्रवाशांना या काठावरून त्या काठावर नेण्यात त्यांची हयात गेली होती. धक्का जवळ आला की ते गिअरचा दांडा मागे ओढत, आणि बोट अलगद येऊन टेकायची. गेल्या आठवड्यात दांडा हललाच नाही. बोट धाडकन आदळली, माणसं एकमेकांवर पडली. कुणाला खरचटलं नाही, हे नशीब. पण कप्तान खाली उतरले ते उजवा हात खिशात घालून. मागच्या वर्षी त्याच बाजूवरून वारं गेलं होतं. हात पूर्ण बरा झालाय, असं डॉक्टर म्हणाले होते. काकूंनी ते खरं मानलं होतं, बोट आदळेपर्यंत.

आता त्या हातावर माणसांचा जीव सोपवायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण ते कप्तानांना सांगायचं कुणी? बोट गेली म्हणून हा माणूस घरी बसेल, थोडा कुरकुरेल, रुळेल. हात गेला म्हणून बसवलं, तर उठायचाच नाही.

बोट उतारावर ओढून ठेवली होती. इंजिन तिच्या पोटात, पंखा आणि गिअर मागे बाहेर, आणि दांड्यापासून त्या गिअरपर्यंत जाणारी केबल. मिस्त्रीने आधी केबल सोडवली आणि दांडा हलवून पाहिला. तो एका बोटाने हलला. “दांडा चांगला आहे,” मिस्त्री म्हणाला. मग मागे जाऊन, पंखा हाताने फिरवत त्याने गिअर टाकून पाहिला. गिअर मुकाट्याने लागला. “इथेही काही नाही.”

एकेक भाग निर्दोष ठरत होता, तसतशा काकू मिस्त्रीला डोळ्यांनी खुणावत होत्या. सगळंच चांगलं निघालं, तर दोष उरणार होता तो एकट्या हाताचा. आणि हा मेला प्रत्येक वेळी खणखणीत आवाजात चांगलं चांगलं म्हणत होता! कप्तान बाजूला उभे होते, हात खिशातच.

मिस्त्री बराच वेळ आत वाकून राहिला. मग हात पुसत बाहेर आला.

“केबल खराब झालीय. उद्या नवी टाकतो, परवा बोट पाण्यात.”

कप्तानांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाण्याच्या कडेला जाऊन बसले.

“काय सांगितलं होतं तुला?” काकू मिस्त्रीवर धावूनच गेल्या. “परवा बोट पाण्यात म्हणे! त्या हातानं चालवायची?”

मिस्त्रीने काढलेली जुनी केबल त्यांच्यापुढे धरली. “आतली तार ओढा.”

काकूंनी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग पाय रोवून, दातओठ खाऊन ओढली. तार जागची हलेना.

“आवरण फाटून आत पाणी शिरलंय. तार गंजून फुगलीय,” मिस्त्री म्हणाला. “हे काय एका दिवसात होतं? कितीतरी महिने कप्तान हे धूड एका हातानं ओढत होते. हात गेलाय म्हणता? असा हात मला मिळाला तर मी माझे पाने-पकडी विकून टाकीन.”

काकू तिथेच बोटीच्या कडेला टेकून बसल्या. आधी त्यांना हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून पाण्यात भिरकावला होता. पदराने तोंड पुसून त्या उठल्या.

“पण मग हे असे तोंड पाडून का बसलेत? तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“केबल खराब म्हणून सांगितलं हो, पण पुढचं ऐकायला थांबले कुठे! तुम्हीच सांगा आता,” मिस्त्री पेटी आवरत म्हणाला. “सकाळी तुमच्याआधी माझ्या दारात येऊन बसले होते. म्हणाले, बोट भंगारात गेली असं हिला सांग, माझ्या हाताचं कळलं तर ती खचेल.”