फिरता चमचा

धातूचा चमचा. माते चहाचा भोपळा, सगळ्यांनी एकाच नळीने आळीपाळीने प्यायचा. दारात दिराच्या चपला. यकृताच्या कर्करोगावर चाचणी होती: विद्युतचुंबकीय लहरी सोडणारा चमचा नवऱ्याने, इवोने, जिभेवर धरायचा. चमच्याचं यंत्र दिवसाला तीनच तास चालायचं. तेच दुखणं असलेल्या दिराला मात्र चाचणीत घेतलं नव्हतं. रोजचे तास भरूनही इवोची गाठ का वाढतेय, डॉक्टरांना कळेना. आज मी लवकर परतले. चमचा दिराच्या तोंडात होता. इवो शेजारी माते भरत होता. "हे काय चाललंय?" "माते चहाची नळी एकाच्याच तोंडात राहते का?" इवो हसला. "कंजूष म्हणतील लोक." "आणि तू कधी घेतोस?" दिराने चमचा काढला. "वहिनी, दादाला पोर्तो आलेग्रेच्या इस्पितळात दुसरं यंत्र मिळालंय ना?" असं दुसरं यंत्र कुठेच नव्हतं. इवोने भोपळ्यात गरम पाणी ओतलं. पहिल्या तपासणीत, चमचा तो स्वतः धरायचा तेव्हा, त्याची गाठ आटली होती.